रेंगाटोल्याच्या हद्दीतलं पन्हं

गडचिरोली,
वैशाख, मंगळवार, दुपार

तीर्थरूप सुगंधाबाईच्या पायाशी धाकट्या भावाचा, धनराजचा नमस्कार.

शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की ‘तीर्थरूप’ फक्त आई-वडिलांना लिहायचं, बाकीच्या वडीलधाऱ्यांसाठी वेगळा शब्द आहे. पण आई गेल्यावर मला भात तू रांधून घातलास, पाटीवर अक्षरं तू गिरवून घेतलीस आणि वर्गात झोपलो म्हणून मारही तूच दिलास. तेव्हा गुरुजी काय म्हणतील ही चिंता पन्नाशी जवळ आल्यावर मी सोडून दिली आहे. आम्ही इकडे देवाच्या कृपेनं ठीक आहोत. सोमाजीभाऊजींचा गुडघा कसा आहे? तेल लावतात की नुसती बाटली उशाशी ठेवतात? तुझा प्रफुल माजरीला खाणीत पाळीवर जाताना तोंडाला रुमाल बांधतो ना? बांधावरचा आंबा यंदाही वाकला असेल. आणि जमादार कसा आहे? (पुनमनं आत्ता खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, कोणता जमादार? मी म्हटलं, बाईचा लाल कोंबडा, दुसरा कोण.) त्याची तब्येत, त्याचा तुरा, त्याची बांग, सगळं सविस्तर कळव. मागच्या दिवाळीत त्यानं माझ्या पोटरीचा जो समाचार घेतला त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो की सगळ्या जीवांचं भलं व्हावं असं मी मागतोच, हल्ली त्यात जमादाराचं नाव घेऊन मागतो.

तू म्हणशील, धन्या, फोन होता न हातात, पत्र कायले लिवतं? बाई, तुझ्याशी फोनवर बोलणं मला कधी जमलेलं नाही. फोनवर तू ‘नाई’ आधी म्हणतेस आणि विषय काय होता ते नंतर विचारतेस. पत्राचं बरं असतं. ते मधे थांबवता येत नाही, आणि ‘नाई’ म्हणायचं असेल तरी माणसाला शेवटपर्यंत वाचावं लागतं. शिवाय पत्रूची जीप उद्या ब्रह्मपुरीकडे येतेच आहे. हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे. त्याच्या दुसऱ्या हातात एक झाकणाची टोपली असेल, तिकडे तूर्त लक्ष देऊ नकोस.

सांगायचं आहे ते माझ्या नोकरीबद्दल. इतकी वर्षं झाली, पण मी नेमकं काय करतो ते मी तुला कधी समजावून सांगू शकलो नाही, हे मला माहीत आहे. आमच्या केंद्राचं नाव ‘जमीन, अन्न आणि वनसंपत्ती धोरण अभ्यास केंद्र’. हे नाव तू एकदा ऐकलंस आणि गावात सांगितलंस की आमचा धनराज जंगलाचा डाक्टर आहे. तेव्हापासून मी सुट्टीला आलो की कोणी ना कोणी आजारी शेळी घेऊन ओट्यावर येतं. (गुणाबाईची शेळी माझ्या औषधानं नव्हे, आपोआप बरी झाली होती. तिला तसं सांगून टाक, बिचारी अजून मला दर पावसाळ्यात काकड्या पाठवते.) हे केंद्र म्हणजे कॉलेजच्या मैदानाला लागून असलेली एक खोली आहे. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत. भाले अजून कोपऱ्यात उभे आहेत आणि पाहुण्यांना वाटतं, ते मी संशोधनासाठी आदिवासी गावांतून आणले. तर त्या खोलीत बसून मी एवढंच अभ्यासतो की जंगल कोणाचं, त्यातलं कोणी काय घ्यायचं, कधी घ्यायचं, आणि ‘अजून घेऊ नका’ असं सांगायचा अधिकार कोणाला. या शेवटच्या गोष्टीवर माझं अर्धं आयुष्य गेलं. सरकार सांगतं तेव्हा लोक ऐकत नाहीत आणि गाव सांगतं तेव्हा ऐकतात, हे का, एवढाच माझा प्रश्न. त्यावर मी निबंध लिहिले, नागपूरच्या परिषदांमध्ये थंडगार सभागृहात बसून जंगलातल्या उन्हाबद्दल बोललो, आणि डॉक्टर झालो. शेळ्यांचा नव्हे.

माझं सगळं लिखाण उभं आहे ते धानोऱ्याकडच्या रेंगाटोला नावाच्या एका गावावर. गाव लहान, जंगल मोठं, आणि त्या जंगलाचा हक्क गावाच्या ग्रामसभेच्या नावानं मिळालेला. तिथे मरका पंडुम नावाचा सण असतो. मरका म्हणजे आंबा. सणाच्या दिवशी गायता (म्हणजे गावाचा पुजारी, आपले लालसूभाऊ) नवा आंबा देवाला दाखवतो आणि मग गाव खातं. त्याआधी कोणी नाही. पिकला नाही, कच्चा नाही, चटणीला नाही, चाखायला नाही. झाड कितीही वाकलं तरी नाही. मी माझ्या निबंधात लिहिलं आहे की जगातल्या कुठल्याही वनखात्याच्या नियमापेक्षा हा नियम जास्त पाळला जातो, कारण तो पाळायला पहारेकरी लागत नाही. हे वाक्य मला फार आवडतं. तीन ठिकाणी वापरलं आहे.

आता झालं असं की वरून आदेश आला, ज्या अभ्यास केंद्रांचा कोणाला काही उपयोग नाही ती बंद करा. आमचे प्राचार्य गुलाबराव सर स्वभावानं चांगले आहेत, पण त्यांचा डोळा पहिल्यापासून त्या खोलीवर आहे. तिथे त्यांना व्यायामशाळा करायची आहे. (भाले आहेतच, असं ते म्हणतात.) केंद्र ठेवायचं की मोडायचं ते ठरवायला पुण्याहून डॉ. ज्योत्स्ना परचुरे नावाच्या एक मोठ्या तज्ज्ञ बाई येणार असं कळलं. त्यांचा दबदबा असा की त्यांनी नुसतं ‘अच्छा?’ म्हटलं तरी समोरचा माणूस आपला निबंध मागे घेतो. केंद्र मोडलं तर मला मुख्य कॉलेजात वाणिज्य शाखेच्या मुलांना पर्यावरण शिकवायला पाठवणार होते. बाई, मी देवावर भरवसा ठेवणारा माणूस आहे. पण त्या आठवड्यात मी सकाळी एकाऐवजी दोन दिवे लावायचो.

मॅडम म्हणाल्या, मला खोली पाहायची नाही, गाव दाखवा. मी ते तुला फोनवर सांगितलं, आणि इथून पुढे या गोष्टीत तू येतेस. आठव. तू मला काय म्हणालीस? ‘धन्या, एवढ्या उन्हात पुन्याची बाई येते, अन् तू तिले पलाश्टिकच्या बाटलीतलं पानी पाजशीन? लाज नाई वाटत? पन्हं ने. मी कैऱ्या पाठवून राह्यली.’ मी काही म्हणायच्या आत फोन बंद. दुसऱ्या दिवशी पत्रूच्या जीपमधून आपल्या बांधावरच्या कैऱ्यांची थैली आली. पुनमनं तुझ्याच पद्धतीनं पन्हं केलं, चुलीत भाजलेल्या कैऱ्या, गूळ, जिरं, आणि वरून वेलची. मोठ्या दुधाच्या कॅनमध्ये बर्फ घालून ते जीपमध्ये ठेवलं. त्या कॅनकडे पाहून मला फार धीर आला, हे मी कबूल करतो. वाटलं, परचुरे मॅडमना माझे विचार पटोत न पटोत, पन्हं पटेल.

तू आता डोक्याला हात लावला असशील. मी तर गेला आठवडाभर लावतोच आहे. मरका पंडुमवर इतकी पानं लिहिणारा माणूस पंडुमच्या आधी रेंगाटोल्यात कॅनभर कैरीचं पन्हं घेऊन जातो, आणि वाटेत पत्रूला सांगतो, हळू चालव, सांडेल. मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, लिहिताना माझा आंबा कायम झाडावर असतो. तो थैलीतून घरी आला, भाजला गेला, त्यात गूळ पडला, की तो आंबा राहत नाही, तो पाहुणचार होतो. आमच्या केंद्राच्या पाटीवर ‘वनसंपत्ती’ हा शब्द आहे आणि ‘अन्न’ हाही आहे. दोन्ही शब्द मीच रंगवून घेतले आहेत. पण एकातून दुसऱ्यात वस्तू कधी जाते, तेवढंच माझ्या ध्यानात आलं नाही.

मॅडम, गुलाबराव सर आणि मी गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ग्रामसभेची बैठक नेहमीप्रमाणे मोठ्या आंब्याखाली. झाड इतकं लगडलेलं की बसलेल्या माणसांच्या टोप्यांना कैऱ्या लागत होत्या. ग्रामसभेची अध्यक्ष दुर्गा नावाची एक तरतरीत पोरगी आहे. ती होती, लालसूभाऊ होते, सोमारीबाई आणि बाकी बाया होत्या. परचुरे मॅडमनी चष्मा पुसला आणि थेट मुद्द्याला हात घातला. म्हणाल्या, अशा नियमांबद्दल मी खूप वाचलं आहे, आणि खरं सांगू का, बाहेरचे अभ्यासक ते जरा गोड करून लिहितात. माझ्याकडे पाहिलं नाही, पण गुलाबराव सरांनी पाहिलं. इतक्यात मी पेले भरून वाटायला लागलो होतो. मॅडमनी पेला घेतला आणि दुर्गाला विचारलं, “समजा, सणाच्या आधी एखाद्यानं गुपचूप कैरी खाल्ली. कोणाला कळणार आहे?” आणि एवढं विचारून त्यांनी पेला तोंडाला लावला.

बाई, सोमारीबाईंनी नाक वर केलं, हवेत वास घेतला आणि म्हणाल्या, “मरका.”

सगळं गाव पेल्याकडे पाहायला लागलं. गुलाबराव सरांचा एक पेला संपलेला आणि दुसरा अर्ध्यावर. ते प्रसंगावधान राखून म्हणाले की हे लिंबाचं सरबत आहे. तेवढ्यावर निभावलंही असतं. पण परचुरे मॅडम खऱ्या अभ्यासक. त्यांनी आणखी एक घोट घेतला, तो तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, “छे, लिंबू कुठलं? कैरीच आहे ही. भाजलेली. वेलचीसुद्धा आहे.” मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेला इतक्या हळू खाली ठेवला, जणू त्यात काही जिवंत आहे.

लालसूभाऊंनी मला जवळ बोलावलं. रागानं नाही. दवाखान्यात डॉक्टर बोलावतो तसं. “सर, हे तुमी आनलं?”

मी म्हटलं, हो भाऊ. मग मी स्वतःचा बचाव सुरू केला, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात अभ्यासपूर्ण बचाव होता. मी म्हटलं, हा आंबा रेंगाटोल्याचा नाही. हा वैनगंगेपलीकडचा, ब्रह्मपुरी तालुक्यातला, खाजगी मालकीच्या बांधावरचा. ग्रामसभेचा हक्क ग्रामसभेच्या जंगलावर. बाहेरून तयार होऊन आलेल्या पदार्थाला हा नियम लागू होतो असं मला वाटत नाही.

दुर्गा म्हणाली, “पन सर, मांगच्या साली तुमीच इथी उभे राहून सांगतलं न, का हद्दीच्या आत गावाचाच नियम चालन, मंग तो ठेकेदार असो का साहेब असो. आमी त टाळ्या वाजोल्या होत्या.”

मी म्हटलं, ते मी बांबूबद्दल बोललो होतो.

“मंग बांबूले एक अन् आंब्याले एक, असं हाये काय?”

बाई, नागपूरच्या परिषदेत मला असा प्रश्न कोणी विचारला नाही. मी लालसूभाऊंकडे वळलो आणि पुन्हा म्हटलं, भाऊ, आंबा तिकडचा आहे हो. सातबारा आहे त्या बांधाचा. तेव्हा लालसूभाऊ हसले. त्यांना वरचे दोन दात नाहीत, त्यामुळे ते हसले की समोरच्यालाही हसू येतं. म्हणाले, “सर, तुमच्यापाशी सातबारा असन. पन देव का सातबारा पाहाते?”

यावर परचुरे मॅडम खुर्चीतून उठून खाली चटईवर येऊन बसल्या. चेहरा असा उजळलेला की पुनम सत्यनारायणाच्या पूजेला बसते तेव्हाही तितका उजळत नाही. त्या म्हणाल्या, मीही प्यायले आहे, माझाही दोष आहे, मला काय दंड? लालसूभाऊंनी डोकं हलवलं. “तुमी पावने. पावन्याले जे देल्लं, ते त्यानं पेलं. तुमचा दोष नाई.” मॅडमना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी आपल्या निर्दोष सुटकेविरुद्ध तिथल्या तिथे अपील केलं! माहीत नसणं म्हणजे दोष नसणं हे तत्त्व चुकीचं आहे, हे त्यांनी गावाला बराच वेळ समजावून सांगितलं. शेवटी सोमारीबाई कंटाळल्या. “बसा न वो बाई. पुढच्या साली खाजा चोरून, मंग तुमाले बी लावू दंड.” सगळे हसले. मॅडमनी हे वहीत उतरवून घेतलं.

(गुलाबराव सरांनी स्वतःच्या दोन पेल्यांबद्दल काहीच विचारलं नाही. पण परतीच्या वाटेवर त्यांच्या पोटात मुरडा आला, आणि तो देवानं दिला की बर्फानं, हे त्यांना अजून ठरवता येत नाही. रोज सकाळी ते मला फोन करून विचारतात, दंडाचं काय झालं?)

तर दंड. लालसूभाऊ आणि चार जाणती माणसं बाजूला जाऊन बोलून आली. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, देवाच्या आधी गावात आंबा आला, म्हणून दंड भरल्याशिवाय यंदाचा पंडुम होणार नाही. दोन, दंड आंबा आणणाऱ्यानं भरायचा नाही. आणणारा नुसता हमाल. ज्या घरचा आंबा, त्या घरानं भरायचा. मला विचारलं, आंबा कोणाच्या घरचा? आणि मी, बाई, छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या मोठ्या बहिणीच्या घरचा. मला वाटलं, हे ऐकून ते म्हणतील, जाऊ द्या, मोठी बाई आहे, लांब राहते. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी तुझं नाव विचारलं.

दंड म्हणून एक वस्तू ठरली. वस्तू म्हणावं की नाही मला कळत नाही, कारण तिला पाय आहेत. पण त्याबद्दल लिहायला या पानावर जागा उरली नाही.

परचुरे मॅडम जाताना म्हणाल्या, “डॉक्टर, नियम आहे हे तुम्ही दाखवलंत. पण मोडल्यावर तो भरून निघतो का, हे मला पाहायचं आहे. पंडुमला मी परत येते. दंड आलेला दिसला तर केंद्र चालू राहावं असं लिहीन. नाही आला, तर तुमचा नियम निबंधापुरता आहे असं समजेन.” म्हणजे आमची खोली, पाटी, भाले आणि मी, सगळे आता त्या पाय असलेल्या वस्तूवर अवलंबून आहोत.

परवा मी एकटाच रेंगाटोल्याला जाऊन आलो. माफी मागायला म्हणून गेलो आणि गप्पा मारत बसलो. कोणी रागावलेलं नाही, उलट सगळ्यांना मजा वाटते आहे. बाया मला पाहिलं की पदर तोंडाला लावतात आणि आपसात म्हणतात, पन्हेवाले सर आले. पण बाई, झाडांना पाड लागला आहे. संध्याकाळी मी त्या मोठ्या आंब्याखाली डोळे मिटून बसलो होतो, प्रार्थनेची वेळ होती. वारा आला आणि माझ्या शेजारीच एक पिकलेला आंबा पडला. मऊ, पिवळा, देठाशी चीक आलेला. तिथे पोरं खेळत होती. ती आली, आंब्याभोवती उभी राहिली, एकानं वाकून वास घेतला, आणि सगळी पुन्हा खेळायला गेली. कोणी त्यांना थांबवलं नव्हतं. मी एकादशी धरतो खरा, पण दुपारपासून घड्याळाकडे पाहत असतो, हे तुला माहीत आहे. त्या पोरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी कितीतरी पानं लिहून जे सांगायला धडपडलो, ते माझ्या मांडीपासून हातभर अंतरावर पडलं होतं आणि घमघमत होतं. मला फार आनंद झाला आणि थोडं रडूही आलं. मग मुंग्या आल्या. मुंग्यांना पंडुमचा नियम लागू नाही. त्यांनी सुरुवात केली.

गावाचा पंडुम येत्या रविवारी ठरला आहे, दंड आला तर. आता जास्त लिहीत नाही. भाऊजींना नमस्कार, गुणाबाईच्या शेळीला आशीर्वाद. देव तुम्हाला सुखात ठेवो आणि तुझ्या मनात या वेळी ‘हो’ घालो.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
धनराज

ता. क. – नव्या पानावर जागा आहे म्हणून लिहितो. दंड म्हणजे एक कोंबडा. लाल, देशी, तुरा सरळ, आणि त्याच घरात वाढलेला. बाजारातून आणलेला चालत नाही, कारण बाजार हे कोणाचं घर नाही. (मी विचारून पाहिलं.) अशा वर्णनाचा तुमच्या घरी एकच जण आहे, आणि त्याची तब्येत मी पहिल्याच परिच्छेदात विचारली आहे.

दुसरा ता. क. – पत्र खाली ठेवू नकोस! पुढे वाच! जमादाराला कापणार नाहीत. मीही ते पाहू शकलो नसतो, पोटरीची शपथ. लालसूभाऊंना मी सगळं सांगितलं, की माझ्या बहिणीचा त्याच्यावर लेकरासारखा जीव आहे. ते म्हणाले, बाहेरच्या माणसाच्या हातून न कळता झालेली चूक आहे, रक्त नको. कोंबडा देवाच्या नावानं सोडायचा. तो देवस्थानापाशी राहील, गाव त्याला दाणे घालेल आणि मरेपर्यंत त्याच्यावर कोणी हात उचलणार नाही. बाई, विचार कर. माझ्या केंद्राला मुदतवाढ मिळाली तरी ती वर्षभराची असेल, आणि जमादाराला तहहयात नेमणूक मिळते आहे. शिवाय तिथे चावायला येणारे-जाणारे अधिकारी पुष्कळ आहेत.

तिसरा ता. क. – हे लिहायला मला जड जात होतं. कोंबडा घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं द्यायचा असतो. म्हणून पत्रूच्या जीपमध्ये पुढची जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. तो रविवारी पहाटेच येईल. (टोपली आजच ठेवून घे, जमादाराला सवय होईल. त्याला टोपलीत घालायचं काम पत्रूला सांगू नकोस, तो जीपमधून उतरणारच नाही.) तू मला शिकायला पाठवलंस, पण मी काय शिकलो ते पाहायला तू कधी आली नाहीस. भात असायचा, म्हैस असायची, भाऊजींचा गुडघा असायचा. आता एकदा ये. त्या झाडाखाली तुझ्या शेजारी बसून पंडुमचा पहिला आंबा खायची माझी इच्छा आहे. मग मी काय काम करतो ते तुला सांगावं लागणार नाही.

चौथा ता. क., पुनमच्या हातचा – बाई, नमस्कार. यांनी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. तुम्ही येणार असं यांनी गावाला, लालसूभाऊंना आणि पुण्याच्या मॅडमना परवाच सांगून टाकलं आहे. सगळे वाट पाहून राहिले आहेत. तुम्ही या. जमादारालाही आणा. आणि हात जोडून सांगते, येताना आंबे आणू नका.